द्वितीय प्रत

"मावशी, नातवाचं हॉल तिकीट घेऊन आलात का?"

हे माइकवर विचारलं. रविवारची उपासना होती, चर्च भरलेलं होतं. विचारणारे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. पुढं दहावीची चौदा मुलं रांगेत उभी होती आणि रांगेच्या टोकाला मी. वय सेहेचाळीस. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हे मला विचारलंय हे आधी कळलंच नाही.

लोक हसले. पुढचे तीन बाक आधी हसले. मागचे बाक, म्हणजे आमचे लोक, जरा थांबून हसले. पण हसले.

मी डोळे उघडले. सेक्रेटरींच्या हातात माझं हॉल तिकीट होतं. चष्मा वर करून त्यांनी ते उजेडात धरलं, नोट खरी की खोटी बघतात तसं. मग माझं पूर्ण नाव वाचलं. मग जन्मतारीख वाचली. माइक चालूच होता. पहिल्या बाकावर त्यांची बायको तोंडाला पदर लावून मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

"ही प्रार्थना मुलांसाठी आहे," ते म्हणाले. "तुम्ही मागं जाऊन बसा. हे उद्या ऑफिसातून घेऊन जा."

आणि माझं हॉल तिकीट त्यांनी दुमडून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी मधल्या वाटेनं मागं निघाले. दोन्हीकडच्या माना वळत होत्या. निम्म्या वाटेत पुन्हा माइकवरून आवाज आला. "आणि शेवटचे दोन बाक पुसून घ्या. कबुतरांनी घाण केली आहे."

मी पुसले. हे मला लिहायचंच आहे. उपासना संपल्यावर लोक बाहेर चहा पीत होते आणि मी आत फडकं ओलं करून बाक पुसले. कुणी डोक्यावर उभं नव्हतं. सवय होती.

आता ते हॉल तिकीट त्यांच्या हातात गेलंच कसं, ते सांगते. दहावी-बारावीच्या पेपरांआधीचा रविवार आमच्याकडे परीक्षार्थींचा असतो. मुलं शाळेच्या गणवेशात येतात. दानाचं पितळी ताट मेजावर ठेवतात, पण त्या वेळी त्यात दान टाकायचं नसतं, हॉल तिकिटं टाकायची असतात. पाळक ताटावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग सेक्रेटरी एकेक हॉल तिकीट उचलून नाव वाचतात, मूल पुढं येतं, त्याला एक पेन मिळतं, टाळ्या होतात. हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठं लिहिलेलं नाही. आमच्याकडे चालत आलंय. आणि त्याला चिकटून एक समज आहे. ज्याचं हॉल तिकीट ताटात पडलं नाही, त्याचा पेपर जड जातो. झेरॉक्स चालत नाही, अस्सलच टाकायचं. बायका हे एकमेकींना अशा सांगतात की जणू बोर्डाचा नियम. आम्ही मूर्तीपुढं हात जोडत नाही म्हणून स्वतःला शहाणे समजतो. आणि कागदाला आशीर्वाद लावून घेतो.

मीही अस्सलच टाकलं. त्याची एक झेरॉक्स काढून ठेवावी एवढंही सुचलं नाही.

आमचा बाक शेवटून दुसरा. आजोबा गारगोटीकडच्या एका गावातल्या मांगवाड्यातून कोल्हापुरात आले आणि ख्रिस्ती झाले. बापानं या मंडळीच्या कबरी खणल्या. आई चर्च झाडायची. पुढच्या बाकांवरची घराणी जुनी. कुणाचे आजोबा मास्तर, कुणाचे आजोबा साहेबाच्या बंगल्यावर लेखनिक. प्रभुभोजनाची भाकर एकाच ताटातली, पण ताट पुढून मागं यायचं. मागून पुढं गेलेलं मी पाहिलं नाही. धर्म बदलून तीन पिढ्या झाल्या. बाक बदलला नाही.

मी नववीत असताना आईला टीबी झाला. झाडू माझ्या हातात आला. आधी चर्च, मग घर, मग शाळा, असं तीन महिने चाललं. मग शाळा सुटली. सोड असं कुणी म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. मंडळीतल्या एका बाईंनी मात्र आईला सांगितलं होतं, बरं झालं, आता चर्च वेळेवर झाडून होतंय.

एकोणिसाव्या वर्षी ट्रस्टच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. सत्तावीस वर्षं झाली. बेडपॅन, रक्ताच्या चादरी, जन्मलेली पोरं, मेलेली माणसं, सगळं या हातांखालून गेलं. त्या दवाखान्याचे ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणजेच आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. सहा दिवस तेच साहेब. सातव्या दिवशीही तेच.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात नोटीस लागली. तीन वर्षांच्या आत ज्या आया दहावी पास होतील, त्याच ट्रस्टच्या नोकरीत राहतील. बाकीच्या ठेकेदाराकडे. ठेकेदाराकडे म्हणजे आज ये म्हणतील, उद्या नको म्हणतील. आम्ही सहा जणी. दहावी एकही नाही. बाकीच्या पाच जणी नोटिशीसमोर उभ्या राहून रडल्या. मी ती पुन्हा एकदा वाचली. त्यात काढून टाकतो असं लिहिलं नव्हतं, पास व्हा असं लिहिलं होतं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मी भरला. शाहूपुरीतल्या एका शाळेनं घेतला.

नवरा फाउंड्रीत आहे. उचगावात आमच्या दोन खोल्या आहेत, दोन्ही पोरांची लग्नं झालीत. फॉर्म भरून आले त्या दिवशी तो जेवता जेवता म्हणाला, "पोरास्नी घिऊन बाकावर बसणार व्हय? बाक मोडला तर बोर्ड आपल्याकडनं भरून घेईल बग." दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातलेली. त्यानंच घातली होती.

मराठी, इतिहास, विज्ञान मी एकटीनं रेटलं. विज्ञानातलं निम्मं मी रोज हातानं करते, त्याची नावं तेवढी कळली. गणितापाशी गाडी अडली. आमच्या वॉर्डात रेश्मा नावाची स्टाफ नर्स आहे. मुसलमानाची पोर, माझ्या निम्म्या वयाची. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत बसून तिनं मला बीजगणित शिकवायला घेतलं. एक्स म्हणजे काय ते माझ्या डोक्यात शिरेना. ती म्हणाली, "पेशंटचं नाव म्हाईत नसलं की आपण चार नंबरचा बेड म्हणतोच की मावशी. नाव मागनं कळतंय. तोवर काम थांबतंय व्हय?" मला तेवढ्यात कळलं. तीस वर्षांपूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर, हा विचार मी करत नाही. तो केला की दिवस फुकट जातो.

तर त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. पेपर शुक्रवारी सुरू होणार होते.

सकाळी अकराला केबिनबाहेर उभी राहिले. चार वाजता आत बोलावलं. मधल्या वेळात आठ-दहा माणसं आत जाऊन आली. बाहेर खुर्ची होती. मी बसले नाही. तीही सवय.

माइकवर तुम्ही. ऑफिसात तू.

कुणाला विचारून फॉर्म भरलास, त्यांनी विचारलं. मी नोटिशीचं सांगितलं. ते म्हणाले, नोटीस वेगळी, परवानगी वेगळी. नोकरीत असताना परीक्षेला बसायचं तर ऑफिसची परवानगी लागते. ती कुठं आहे? मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला. त्या मऊ आवाजात ते जे बोलले ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे.

"तू बसलीस की उद्या बाकीच्या पाच जणी बसतील. मग बेडपॅन कोण उचलायचं, मी? यंदा धीर धर. पुढच्या वर्षी मी स्वतः परवानगी देतो. प्रभूच्या वेळेला सगळं होतं."

मी हात जोडले. एकदा नव्हे. मला द्या हो ते, मी ड्युटी चुकवणार नाही, पेपर झाला की धावत येते, असं काय काय बोलले. खोली त्यांच्या अत्तरानं भरली होती आणि माझ्या हातांना फिनेलचा वास येत होता. मला त्या वासाची लाज वाटली. तो वास त्यांच्याच दवाखान्याचा होता.

त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "यंदा परीक्षेला बसणार नाही, असं लिहून दे. मग तुझं हॉल तिकीट घेऊन जा."

मी लिहून दिलं.

वर्षभर मी शुद्धलेखन गिरवलं होतं, फळ्यावरचं उतरवावं तसं पुस्तकातलं उतरवत होते. त्या कागदावर माझं अक्षर चांगलं आलं. एकही खाडाखोड नाही. खाली सही केली. सत्तावीस वर्षांत त्या ऑफिसात मी पगारपत्रकावर सही करत आले होते. स्वतःच्या हातानं सबंध वाक्य लिहिलं ते हे पहिलं. मी यंदा परीक्षेला बसणार नाही.

त्यांनी तो कागद वाचला आणि फाइलीत लावला. मी हात पुढं केला. त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्यात माझं हॉल तिकीट दिसलं. मग खण परत लावला.

"आता तुला ते कशाला हवं आहे?"

मी तशीच बाहेर आले.

संध्याकाळी पाळकांकडे गेले. पाळक तरुण आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, धीर धरा, मी योग्य वेळ बघून त्यांच्याशी बोलतो. मग प्रार्थना केली. प्रार्थना चांगली होती. पण त्यांचा पगार मंडळीची कमिटी ठरवते आणि कमिटीच्या बैठका सेक्रेटरी बोलावतात. योग्य वेळ त्यांना शुक्रवारच्या आत सापडणार नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. एकाच दिवसात दोन माणसांनी मला धीर धर म्हणून सांगितलं. एकानं मला गप्प बसवायला. दुसऱ्यानं स्वतः बसून राहायला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. लिहून दिलंय हेही सांगितलं. तो म्हणाला, "लिवून दिलं नसतंस तर बरं झालं असतं." तेवढंच. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

बुधवारी ड्युटी संपल्यावर शाहूपुरीतल्या शाळेत गेले. का गेले ते खरं सांगते. लढायला नाही गेले. त्यांनी माझा फॉर्म घेतला होता, तोंडी परीक्षा घेतली होती. आता बसणार नाही तर कळवलं पाहिजे, एवढ्यासाठी गेले. माझं नाव असलेला बाक रिकामा राहील, कुणाची तरी वाट बघितली जाईल, असं वाटत होतं. बोर्डाची परीक्षा म्हणजे पाव्हण्यांची पंगत, असं माझ्या डोक्यात होतं.

ऑफिसात क्लार्कबाई होत्या. टेबलावर कागदांचा ढीग, एका कानाला फोन. फोन ठेवल्यावर मी सांगितलं, मी परीक्षेला येणार नाही, माझं हॉल तिकीट माझ्याकडे नाही.

"हरवलं व्हय?"

हरवलं नाही, म्हटलं, दवाखान्यातल्या साहेबांकडं अडकलंय.

"त्येवढ्यावरनं परीक्षा सोडतासा?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दुसरी प्रत निघती की. नाव सांगा."

मी म्हणाले, तसं नाही बाई, मी लिहून दिलंय, यंदा बसत नाही म्हणून.

"कुणाला दिलंय?"

"दवाखान्यात."

"दवाखाना पेपर तपासतोय व्हय?"

शेजारच्या टेबलावरचे शिपाईमामा हसले. या वेळी मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. क्लार्कबाईंनी कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला. तो घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या, सही आणि शिक्का घेऊन आल्या. लाल पेननं त्यावर लिहिलं, द्वितीय प्रत. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "साडेधाच्या आत केंद्रावर या. पाण्याची बाटली आणा. आन् ह्ये आता कुणाला देऊ नगासा." आणि दुसरा फोन घेतला.

चार मिनिटं लागली असतील.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मला राग आला होता. सेक्रेटरींचा नव्हे, त्यांचा राग नंतर आला. आधी माझा आला. त्या खणात माझं काहीच नव्हतं. ज्याच्यासाठी मी हात जोडले, ज्याच्यासाठी स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध लिहून दिलं, ते एका प्रिंटरमधून कुणाचीही परवानगी न घेता बाहेर पडलं. मी फक्त एकदा विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाला तरी. एवढंच.

आणि आम्ही कधी विचारलेलंच नाही. बापाला एका वर्षी दर कबरीमागं ठरलेली रक्कम दिली नाही, त्यानं विचारलं नाही. आईचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होतं, ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. मागच्या बाकावर बसणाऱ्यानं पुढच्या बाकाकडून ऐकायचं, आणि पुढचा बाक जे सांगेल तेच जगात आहे असं धरायचं. त्यांनी खण लावला की आमच्यासाठी जग बंद. त्यांची सत्ता त्या खणात नव्हती. आम्ही दुसरीकडं विचारायला जात नाही, या त्यांच्या खात्रीत होती.

त्या पायरीवर मला देवाचा आवाज वगैरे आला नाही. पायाला मुंग्या आल्या म्हणून उठले.

गुरुवारी सकाळी ड्युटीवर गेले ते दोन अर्ज घेऊन. रात्री लिहिले होते, प्रत्येकी दोन प्रती. एक, पेपरांच्या दिवसांची शिल्लक रजा मिळावी. दुसरा, सोमवारी माझ्याकडून दबावाखाली लिहून घेतलेला मजकूर मी मागे घेत आहे आणि परीक्षेला बसणार आहे. केबिनकडे गेले नाही. आवक-जावकच्या खिडकीत गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, शिक्का मारून एक प्रत परत द्या. त्यानं वाचलं, उठला आणि अर्ज घेऊन आत गेला. दोन मिनिटांत सेक्रेटरी स्वतः बाहेर आले, मागोमाग तो माणूस अर्ज घेऊन परत खिडकीत आला. व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक होते, दोन आया होत्या, रेश्मा औषधांचा ट्रे घेऊन चालली होती, ती थांबली.

"तू लिहून दिलं आहेस ना?" ते म्हणाले.

"दिलंय. ते मागं घेतलंय. त्याचंच पत्र हाय ते. पोच द्या."

"तू कुणाशी बोलते आहेस, कळतंय का तुला?"

"कळतंय की. म्हणूनच लिहून आणलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. मग लोक ऐकताहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते आत गेले, खण उघडल्याचा आवाज आला, आणि माझं हॉल तिकीट घेऊन बाहेर आले. घडीवर घडी पडलेली होती. मोठं मन केल्यासारखं त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. घे म्हणाले.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," मी म्हणाले. "माझ्याकडं दुसरं हाय."

मी हात पुढं केला नाही. तो कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. खिडकीतल्या माणसानं खाली बघत माझ्या दोन्ही प्रतींवर शिक्का मारला.

मला वाटतं, माझं आयुष्य दोन भागांत करायचं असेल तर ते त्या शिक्क्यापाशी होईल. पास होण्यापाशी नाही.

शुक्रवारी केंद्राच्या फाटकावर पोलीसदादा म्हणाले, पालकांनी बाहेर थांबायचं. मी हॉल तिकीट दाखवलं. ते बाजूला झाले. वर्गात माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून विचारलं, मावशी, तुम्ही सुपरव्हिजनला आहात का. सुपरव्हिजनच्या बाईंनी लाल अक्षरं दोनदा वाचली, यादीतल्या फोटोशी माझं तोंड जुळवलं आणि सही घेतली. बाक शाळकरी पोरांचा, माझे गुडघे खालून टेकत होते. पेपर हातात यायच्या आधी मी प्रार्थना केली. प्रभू, अक्षर बिघडू देऊ नकोस, बाकीचं मी बघते. अक्षर बिघडलं नाही.

पुढं काय झालं तेही लिहिते, कारण अशा गोष्टी इथंच थांबवायची आपल्याला खोड आहे.

रजा नामंजूर झाली. परीक्षेचे सगळे दिवस गैरहजेरी लागली. मेमो आला. त्याला उत्तर दिलं, पोच घेतली. मला वॉर्डातून काढून ऑपरेशन थिएटरच्या रक्ताळलेल्या कपड्यांवर टाकलं, अजून तिथंच आहे. रेश्माला चादरींच्या खोलीत बसायला बंदी झाली. महिला मंडळात मला शास्त्रवाचन द्यायचे, ते बंद झालं. आमच्याच बाकावरची एक बाई म्हणाली, तुझ्यामुळं आमच्या पोरांना उद्या नोकरीला घेणार नाहीत. ती आता पलीकडं सरकून बसते. हे सेक्रेटरींच्या मेमोपेक्षा जास्त लागलं.

आणि मी नापास झाले. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. शंभरात एकोणीस. निकालानंतरच्या रविवारी माइकवर चौदाही मुलांचं अभिनंदन झालं, आणि काही जण प्रभूच्या वेळेआधी घाई करतात, असंही सांगण्यात आलं. लोक हसले नाहीत. ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. जुलैला परत बसले. चोवीस.

माझा देवावर राग नाही. माझं हॉल तिकीट देवानं काढून घेतलं नव्हतं. त्याचं नाव घेऊन जो माणूस मला थांबवत होता, त्याला मी इतकी वर्षं देवाचा हिशेबनीस समजत होते. तो दवाखान्याचा सुपरिंटेंडेंट आहे. तेवढाच.

यंदा पुन्हा परीक्षा जवळ आल्यात. पाळकांनी मला विचारलं, दहावीच्या मुलांना उत्तेजनाचे दोन शब्द सांगाल का. रविवारी नव्हे, शनिवारी तरुण संघाच्या बैठकीत, दुपारी, कमिटीचं कुणी नसताना. तेवढंच त्यांचं धाडस. मी ते कमी लेखत नाही. गेले.

मी मुलांना जे सांगितलं ते असं. तुमचं हॉल तिकीट कुणाच्या हातात देऊ नका. सेक्रेटरींच्या नाही, पाळकांच्या नाही, माझ्याही नाही. प्रार्थना करून घ्यायची तर डोक्यावर हात ठेवून घ्या, कागद दप्तरात ठेवा. पेपर अवघड गेला तर देव कोपला असं समजू नका, तो धडा नीट झालेला नसतो. प्रार्थनेनं मन जाग्यावर येतं. गणित येत नाही, ते करावं लागतं. धीर धरा म्हणजे बसून राहा, असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या कुणाला तरी जाऊन विचारा. शाळेच्या खिडकीत विचारा, बोर्डात विचारा. हसतील. हसणाऱ्यांनी आजवर कुणाचा पेपर तपासलेला नाही. आणि नापास झालात तर तोंड लपवू नका, पुढचा फॉर्म कधी निघतोय ते बघा.

मागं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्ही तरी पास झालासा काय?"

"न्हाय."

"मग वं?"

"मग काय? मार्चला बसतीय. तुझ्याच केंद्रावर."

पोरं हसली. ते हसणं मला चाललं.

यंदा दोन आयांनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. सहातल्या दोघी. उरलेल्या तिघी अजून घाबरतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण सोडतही नाही. रेश्मा आता तिच्या घरी बोलावते. आम्ही तिघी तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर वह्या पसरून बसतो.

नोटिशीची मुदत संपायच्या आत माझ्या दोन खेपा आहेत. त्या गेल्या तर ठेकेदाराकडं जाईन, आणि तिथूनही फॉर्म भरीन. नोकरी टिकावी म्हणून मी हे सुरू केलं होतं. आता ते कारण उरलेलं नाही. मला अकरा मार्क कमी आहेत. ते मी घेणार. मार्चला नाही मिळाले तर जुलैला, जुलैला नाही तर पुढच्या मार्चला. प्रभूची वेळ आली म्हणून नव्हे. मी बसणार म्हणून.